अण्णा विसरले नव्हते

९ जानेवारी

ताई,

फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडायला लागतो आणि तिसऱ्याला कुणीतरी फोन आपटतं, म्हणून हे पत्र. टपाल इथून बोटीने जातं, वेळ लागेल. पण तुला मध्येच बोलता येणार नाही, हा फायदा काही लहान नाही.

तुझ्या वडिलांनी आमची सुट्टी पार नासवून टाकली आहे. आजच्या दिवस तरी ते तुझेच वडील, माझे नव्हेत.

तुला माहीतच आहे, ही सहल त्यांच्यासाठी काढली. खानावळ चालवत होते तेव्हा सारखं म्हणायचे, एकदा हे सगळं बंद करून बेटांवर जायचं आणि समुद्राकाठी बसून दुसऱ्याच्या हातचं खायचं. सत्तरी झाली, आई तर गेलीच, म्हटलं आता नाही तर कधी. वर्षभराची रजा साठवली. तू म्हणालीस डोंगरावर न्या, बेटांवर नको. का, ते सांगितलं नाहीस. मला वाटलं, तुला यायला जमत नाही म्हणून पोटात दुखतंय. अजूनही तसंच वाटतं.

घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पायरी उतरलं की वाळू. छकुली आणि टिल्लू सकाळपासून पाण्यात असतात, जेवायला ओढून आणावं लागतं. पहिल्याच दिवशी आम्ही किनाऱ्यावरच्या एका खानावळीत गेलो. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, एक बाई एकटी सगळं करते आणि नवरा मासे आणतो. तिने तळलेले तुकडे समोर ठेवले. टिल्लूने हात घातला तर अण्णांनी त्याची ताटली ओढून घेतली आणि मोठ्याने म्हणाले, मासा शिळा आहे, पोरांना देऊ नका. ताई, मासा सकाळचा होता. आम्ही खाल्ला ना. ती बाई पदराने हात पुसत आत गेली ती बाहेर आलीच नाही. पैसे घ्यायलासुद्धा नवऱ्याला पाठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरं, तोंडाला चव नाही म्हणावं तर काल दुसऱ्या ठिकाणी उलटंच. नारळाच्या दुधातला रस्सा होता, आणि तो आंबलेला होता. तुझ्या वहिनीने पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. मी वाटी बाजूला सारली. आणि हे महाशय मान डोलावत दुसऱ्यांदा वाढून घेतात. वर म्हणतात, असा रस्सा मला जन्मात जमला नाही. मुद्दाम, ताई. आम्हाला नको तेच आपल्याला हवं. सगळ्यावर मिरचीपूड नुसती उपडी करतात. आणि रोज पहाटे न सांगता गायब होतात. कुठे, तर मासे वाळत घालतात त्या मैदानावर. तिथून आले की कपड्यांना असा वास असतो की तुझी वहिनी ते बादलीत काठीने बुडवते.

काल मला राहवलं नाही. भर खानावळीत म्हणालो, अण्णा, जीभ काय देवाने तुम्हाला एकट्यालाच दिली आहे का? आजूबाजूचे बघायला लागले. ते वाटी रिकामी करून उठले. आज सकाळपासून माझ्याशी अबोला आहे. म्हणजे अपमान त्यांनी जगाचा करायचा, आणि रुसायचंही त्यांनीच.

तूच सांग, यात माझं काय चुकलं?

बारक्या


१५ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेत, पण ते आज शेवटच्या ओळीत मिळतील.

चुकलं काय ते विचारतोस म्हणून सांगते. चार माणसांत बापाचा पाणउतारा केलास. ज्या माणसाने रोज शे-दीडशे पानं वाढून, रात्री उरलेलं खाऊन आपल्या दोघांना शिकवलं, त्याला तू जिभेवरून बोललास. तेही जेवताना. आई असती तर तुझी ताटली तिने उचलून नेली असती.

तुझं पत्र मी ड्यूटीवर वाचलं. हातात इंजेक्शन होतं ते आधी खाली ठेवलं. शिकाऊ मुली विचारायला लागल्या, सिस्टर, काय झालं? काय सांगू? माझा भाऊ विम्याच्या कचेरीत लोकांवर संशय घेण्याचा पगार घेतो आणि सुट्टीत तेच काम घरच्या माणसांवर फुकट करतो, असं?

अण्णा मुद्दाम करतात, हे तू कशावरून ठरवलंस? आयुष्यात त्यांनी कुणाला मुद्दाम दुखावलेलं मला एकदा दाखव. गिऱ्हाईक भाजीला नावं ठेवून गेलं तरी त्याला उद्या या म्हणणारा माणूस. त्या बाईला ते तसं बोलले असतील तर त्यांना काहीतरी वाटलं असेल. पोरांच्या काळजीने बोलले असतील. पोरांना देऊ नका म्हणाले, मी खाणार नाही असं नाही म्हणाले. हे तूच लिहिलंयस आणि तूच वाचलं नाहीस.

आणि पोटदुखीबद्दल. मी का आले नाही त्याची मला रजा मिळाली नाही याहून मोठी गोष्ट करू नकोस. डोंगर सुचवला तो हवा चांगली म्हणून.

आता राहिलेले दिवस एवढंच कर. अण्णा पोरांच्या ताटलीतलं काही काढून घेतील तर काढू दे. ते काही खात असतील आणि वहिनीला ते नासलेलं वाटलं, तर त्यांच्या पुढून गुपचूप उचल. वाद घालू नकोस, चारचौघांत तर मुळीच नको. सकाळी फिरायला जातात तर जाऊ दे. कपडे मी धुवायला येऊ का?

पोरांना समुद्रात गळ्याच्या वर जाऊ देऊ नका. आशीर्वाद.

ताई


२० जानेवारी

ताई,

तुझं पत्र परवाच्या बोटीने मिळालं. त्यातलं प्रत्येक वाक्य तुला परत पाठवावं असं वाटतंय. तू जिथे बसून मला शहाणपण शिकवत होतीस तिथे तुझ्या भाच्यांचा जीव टांगणीला नव्हता.

काल सकाळी मी पाव आणायला गेलो होतो. तुझी वहिनी किनाऱ्यावर फिरत होती. मुलं आत झोपलेली. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली यांच्यामधलं दार कायम उघडंच असतं. अण्णांनी शेगडीवर दूध ठेवलं. खिडकीतून वारा येतो, त्याने ज्योत विझली असणार. गॅस चालूच. आणि अण्णा तिथेच, शेगडीपासून हातभर अंतरावर, टेबलापाशी मासे साफ करत बसलेले. किती वेळ, देव जाणे. वहिनी सांगते, पायरीवर पाऊल टाकलं तेव्हाच तिला वास आला. ती धावत आत आली तर अण्णांनी नुकतंच दुधाकडे पाहिलं होतं, ज्योत नाही म्हणून हात पुसून आगपेटी उचलली होती. काडी बाहेर काढलेली होती, ताई. तिने त्यांच्या हातावर सणसणीत चापट मारली. काड्या सगळ्या जमिनीवर. मग बटण बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या, दोन्ही पोरांना काखोटीला मारून वाळूवर नेऊन टाकलं. मी पाव घेऊन आलो तेव्हा ती तिथेच बसली होती आणि तिचे दात वाजत होते. उन्हात.

टिल्लूचं डोकं दुखत होतं, उलटी झाली. आता बरा आहे.

मी अण्णांना विचारलं, एवढा वास घरभर पसरला होता, तुम्ही काय करत होतात? ते म्हणाले, "विसरलो." मी पुन्हा विचारलं, गॅस चालू आहे हे विसरलात? "हो. विसरलो." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. मग खाली बसून एकेक काडी वेचायला लागले.

माझा सगळा राग एका क्षणात गेला आणि त्या जागी भीती आली. रस्सा, मिरचीपूड, न सांगता भटकणं, शिळा मासा, आता सगळ्याचा अर्थ लागतो. अण्णांचं डोकं त्यांना सोडून चाललंय. आणि ते तू ओळखायला हवं होतंस. वॉर्डात म्हातारी माणसं सांभाळतेस ना? दर महिन्याला त्यांना भेटतेस ना?

स्वयंपाकघराला मी कुलूप लावलंय, घरीही लावणार. आम्ही उद्याच निघतो. घरी आलो की त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे नेणार. या वेळी तुझा सल्ला विचारत नाही.

बारक्या


२५ जानेवारी

बारक्या,

टिल्लूला पुन्हा उलटी झाली का? डोकं दुखतं म्हणाला तर लगेच डॉक्टरांना दाखव, थांबू नकोस. वहिनीला सांग, तिच्यासारखं भान माझ्या वॉर्डातल्या मुलींनाही नसतं. आणि हात दुखला असेल तर अण्णांचा दुखू दे, तिने त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

घरी पोचलास की पहिल्यांदा गॅसची शेगडी बाहेर काढ, विजेची आण. माझ्याकडे आहे ती पाठवते. दूध नासलंय की नाही, रात्रीची भाजी सकाळी चालेल की नाही, हे अण्णांना विचारू नका. ते हो म्हणतील. वहिनीनेच बघायचं. ते खोलीत एकटे असताना काही जळत असेल तर त्यांना कळणार नाही, म्हणून दार लोटू देऊ नका.

मेंदूच्या डॉक्टरकडे नेऊ नकोस. माझं एवढं एक ऐक. त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी पुढच्या महिन्यात येते, मग बोलू. कुलूप काढ.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

तू नको म्हणालीस म्हणून आठवडाभर थांबलो. मग नेलं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. अण्णांना घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. तुला सांगतो, अण्णा मुद्दाम चुकायला बघत होते. वजाबाकीत दोनदा अडखळले, मग डॉक्टरांनी स्वतःच उत्तर चुकीचं सांगितलं तसे म्हणाले, अहो, बहात्तर. राहवलंच नाही त्यांना. पाच शब्द उलट्या क्रमानेसुद्धा सांगितले. घड्याळात सेकंदकाटा काढला. डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, तुमच्या वडिलांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे, पण त्यांना विसराळू ठरायचं आहे असं दिसतं. असं का, ते घरी विचारा.

रिक्षात विचारलं. रस्त्याकडे बघत राहिले.

मग मी तुझं पत्र पुन्हा काढलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा टिल्लूच्या नादात काही लक्षात आलं नव्हतं. ताई, मी दावे तपासतो. गोदामाला आग लागली की आम्ही आधी बघतो, आग कशाने लागली हे कुणी विचारायच्या आधी कुणाला माहीत होतं. तुझ्या पत्रात विसरण्याबद्दल एक अक्षर नाही. दूध नासलेलं, भाजी शिळी, काहीतरी जळत असलेलं. हे सगळं कळतं कशाने, ते मला आता कुणी सांगायला नको. आणि तू डोंगर का सुचवलास तेही.

तरी तुझ्या हातचं हवं आहे. सरळ लिही. किती दिवसांपासून?

बारक्या


९ फेब्रुवारी

बारक्या,

सरळ लिहिते. अण्णांना वास येत नाही. काहीच येत नाही. तापाच्या साथीत ते आजारी पडले होते ना मागच्या वर्षी, त्यात गेला. वासाबरोबर चवही. खारट, तिखट एवढं जिभेवर लागतं, बाकी सगळा भुसा. मी त्यांना आमच्या हॉस्पिटलातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले नस दुखावली आहे, येईल किंवा येणारही नाही, औषध काही नाही.

तुला आठवतं ना त्यांना बाजारात काय म्हणायचे? नाकवाले अण्णा. तुपाचा डबा उघडायच्या आधी दुकानदार त्यांना हाक मारायचे. तांदळाच्या पोत्यात हात घालून मूठभर हुंगले की सांगायचे, तळाशी ओल लागली आहे. त्या माणसाने माझ्यासमोर बसून, बाहेर रांगेत लोक असताना, मला सांगितलं, तू नर्स आहेस, रोग्याचं बाहेर बोलायचं नसतं, तुझ्या भावालाही नाही. माझ्याकडे तेव्हा मुलगी म्हणून बघितलंच नाही त्यांनी. काय करायला हवं होतं मी?

खानावळ गुडघे दुखतात म्हणून बंद केली, हे तुम्ही सगळ्यांनी खरं मानलंत. कढईतलं तेल जळून काळं झालं आणि गिऱ्हाईक आत येऊन ओरडलं, त्या दिवशी त्यांनी पाटी उतरवली.

बेटांवर रोज पानात मासा येणार, म्हणून डोंगर सुचवला होता. तळलेल्या माशाचं विचारत होतास. आख्खा मासा असता तर त्यांनी कल्ले उचलून, डोळा बघून, बोटाने दाबून सांगितलं असतं. तुकड्याचं काय सांगणार? टिल्लू पुढे होता, म्हणून म्हणाले शिळा. रश्श्याला मान डोलावली कारण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, त्यांची सहल ना. आणि वाळवणाच्या मैदानावर रोज जात होते ते एवढ्यासाठीच की त्याहून उग्र वास जगात त्यांना ठाऊक नव्हता. आला तर तिथे येईल. उभे राहायचे आणि श्वास घ्यायचे. हे त्यांनी मला बेटावरून लिहिलं होतं, कार्डावर, दोन ओळींत.

आता माझं ऐक. तू एका घरात राहतोस त्यांच्याबरोबर. एका टेबलावर जेवतोस. वर्षभर तुझा बाप भुसा खातोय आणि तुझ्या लक्षात आलं नाही. भाजी करपली तरी हा माणूस का बोलत नाही, असं तुला एकदाही वाटलं नाही? उलट बरं वाटलं असेल, म्हातारपणी कटकट कमी झाली. वास त्यांना येत नव्हता, पण दिसत तुम्हाला कुणालाच नव्हतं. तेव्हा मला जाब विचारण्याआधी जरा आरशात बघ. घड्याळ काढायला लावलंस त्यांना, लहान मुलासारखं.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

लक्षात आलं नाही, खरं आहे. ते माझं मी बघेन.

पण मला न दिसणं आणि तुला दिसत असून तू गप्प बसणं, या दोन गोष्टी एकाच तराजूत घालू नकोस. मी स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं हे तुला माहीत होतं. पत्ता तुला मीच दिला होता. तिथे गॅस असणार, अण्णा पहाटे उठून दूध तापवणार आणि मुलं शेजारी झोपलेली असणार, हे सगळं तुला माहीत होतं. आणि तू काय केलंस, तर डोंगर सुचवलास. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर देतानाही मला बाप म्हणजे काय ते शिकवलंस, गॅसचं एक वाक्य लिहिलं नाहीस. तेव्हा सांगितलं असतंस तर ती सकाळ उजाडलीच नसती.

टिल्लू अजून स्वयंपाकघरात जायला घाबरतो. तुझी वहिनी दिवसातून दहा वेळा शेगडीचं बटण बघते, विजेची आहे तरी.

अण्णांचा मान तू सांभाळलास, माझी पोरं दुसऱ्या कुणीतरी सांभाळायची होती. या महिन्यात येणार होतीस, येऊ नकोस. पुन्हा कधी ये म्हणेन ते आज माहीत नाही.

बारक्या


२१ फेब्रुवारी

ताई आणि बारक्या,

हे पत्र मी दोनदा उतरवून काढलं आहे. एक ताईला टपालाने, एक बारक्याच्या डब्याच्या पिशवीत. दोघांनी वेगवेगळं वाचा, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघून मत बनवणार नाही.

सूनबाईने तुझी सगळी पत्रं, ताई, माझ्यापुढे आणून ठेवली. बारक्याने शेवटी काय लिहिलं तेही सांगितलं. म्हणाली, "वाचा." मी वाचली. मला तुमच्या दोघांचा इतका राग आला की दुपारचा चहा मी घेतला नाही. माझ्याबद्दल दीड महिना पत्रं चालली आहेत. अण्णांनी काय खाल्लं, अण्णा कुठे गेले, अण्णांचं डोकं, अण्णांचं नाक. मी काय बसस्टँडवर राहिलेलं गाठोडं आहे, की हे कुणाचं म्हणून तुम्ही ठरवायचं? दोघांपैकी एकानेही मला चार ओळी लिहिल्या नाहीत. बारक्या तर भिंतीपलीकडे झोपतो.

आता माझी बाजू, आणि ती फार चांगली नाही. मी ताईला बांधून घेतलं. ती तयार नव्हती, तीनदा म्हणाली, बारक्याला सांगू या. मी तिला तिच्या नोकरीची शपथ घातली. तेव्हा बारक्या, तिच्यावर जो राग काढतोयस तो माझ्या नावचा आहे, माझ्यापाशी आण. आणि ताई, तूही ऐक. बारक्याला आरसा दाखवायचा तुला हक्क नव्हता. त्याला दिसू नये म्हणून मी वर्षभर मेहनत घेतली. सगळ्यांच्या आधी घास घ्यायचा नाही, बाकीच्यांचे चेहरे बघायचे, मग बोलायचं. चाळीस वर्षं लोकांना जेवताना पाहिलेला माणूस एवढं करू शकतो. मी ते चांगलं केलं म्हणून त्याला कळलं नाही. बेटावर मात्र सगळे आधी माझ्याच तोंडाकडे बघत होते, तिथे फसलो.

लपवलं का, तर मला कीव नको होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने माझ्यापुढे ताट ठेवताना बिचारे म्हणायला नको होतं. विसराळू म्हटलेलं चाललं असतं, ते सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणतात.

सूनबाई पत्रं ठेवून गेली नाही. समोर खुर्ची ओढून बसली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्यासमोर कधी बसून बोलली नव्हती आणि मीही तिला माझ्या भांड्यांना हात लावू दिला नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "अण्णा, तुमच्या नाकाची लाज वाचवायला तुम्ही माझी मुलं जाळायला निघाला होतात. मी तुम्हाला मारलं त्याची माफी मागणार नाही." मी म्हणालो, नको मागूस. मग मीच मागितली. वर्षभरात माझ्याशी कुणी एवढं सरळ बोललं नव्हतं. ताई सांभाळून बोलायची, डॉक्टर गोड बोलायचे, बारक्या कुलूप लावून बोलायचा. तिला माझी कीव आली नाही, तिला माझा राग आला. मला फार बरं वाटलं.

टिल्लूला मी स्वतः सांगितलं. बटण कसं बंद करतात ते दाखवलं आणि म्हणालो, तुझ्या आजोबाचं नाक बिघडलंय, म्हणून त्या दिवशी तसं झालं, तुझी काही चूक नाही. त्याने माझ्या नाकपुड्यांत वाकून बघितलं आणि म्हणाला, आत तर काहीच नाही. काल तो स्वयंपाकघरात येऊन केळं घेऊन गेला.

चार दिवसांपूर्वी मी कांदा परतायला घेतला. सूनबाईला शेजारी उभं केलं आणि विचारलं, कसला वास येतोय? म्हणाली, चांगला. मी म्हणालो, चांगला हा वास नाही, नीट सांग. ती चिडली. म्हणाली, कांद्याचा. मी म्हणालो, कांदा मलाही दिसतोय. मग ती डोळे मिटून उभी राहिली. कढईवर वाकली, मागे झाली, परत वाकली. आणि म्हणाली, "मघाशी डोळ्यांत जात होता, आता नाही जात. आता गोड झालाय. शाळेतून आल्यावर दार उघडायच्या आधी जिन्यात यायचा तसा." मी गॅस, म्हणजे ती वीज, बंद केली. कांदा बरोबर तिथेच उतरवायचा असतो. त्या दिवशी मी पोटभर जेवलो. चव आली असं लिहिणार नाही, आली नाही. पण पानात काय आहे ते मला ठाऊक होतं.

आता कामाचं. पुढच्या रविवारी मी रांधणार आहे. ताई, तू सकाळच्या गाडीने ये. बारक्या, तू तिला आणायला स्टेशनवर जायचं, सूनबाईला पाठवायचं नाही. रस्त्यात भांडायचं असेल तर भांडा, मी असेपर्यंत तुमचं भांडण मिटलं नाही तरी मला चालेल, अबोला चालणार नाही. मीठ कमी पडलं, काही करपलं, तर तोंडावर सांगायचं. माझं मन राखायला जो कुणी वा वा म्हणेल, त्याला मी ताटावरून उठवीन.

अण्णा